३,२२९ पैकी २

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण दोनदा वाचलं. मेहनत दिसते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना अमेरिकेने शिकवलं, घरं दिली आणि त्यातून तिथला मध्यमवर्ग उभा राहिला, असं तू लिहितोस. खोटं नाही ते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी सही केलेल्या जी.आय. बिलामुळे, म्हणजे माजी सैनिकांना मदत देणाऱ्या कायद्यामुळे, १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांना शिक्षण किंवा प्रशिक्षण मिळालं. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, अशी मुलं इंजिनिअर झाली. पण तू कायद्याचा मजकूर वाचून थांबलास. अर्ज घेणाऱ्या माणसाच्या खिडकीपर्यंत गेलाच नाहीस.

मजकुरात वंशाचा उल्लेख कुठेच नाही. मेख अंमलबजावणीत आहे. प्रतिनिधिगृहात माजी सैनिकांविषयीच्या समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे जॉन रँकिन, उघड वंशवादी माणूस. योजनेची सूत्रं राज्यांच्या आणि स्थानिक लोकांच्या हातीच राहावीत, यावर ते अडून बसले. घरासाठी सरकार फक्त हमी देणार, कर्ज द्यायचं की नाही ते बँक ठरवणार. दक्षिणेतल्या बँकेत कृष्णवर्णीय सैनिकाला कोण दारात उभं करणार? १९४७ साली मिसिसिपीतल्या शहरांच्या पाहणीत घर, धंदा आणि शेतीसाठी सरकारी हमीची ३,२२९ कर्जं मोजली गेली. त्यांतली कृष्णवर्णीयांना मिळालेली २. राज्याची जवळजवळ निम्मी लोकसंख्या त्यांची होती! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती.

उत्तरेतही फार वेगळं नव्हतं. न्यूयॉर्कजवळ बटाट्याच्या शेतांत लेविटटाउन ही नवी वसाहत उभी राहिली, चार-पाच वर्षांत १७ हजारांहून जास्त घरं झाली. सुरुवातीच्या करारातच अट होती की घरात, नोकरमाणसं सोडून, गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही. घर हीच त्या पिढीची पुंजी झाली आणि मुलानातवंडांना मिळाली. ज्यांना घर नाकारलं, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला काय आलं, ते तुझ्या शेवटच्या प्रकरणात यायला हवं.

आयझॅक वुडर्ड तुझ्या मजकुरात कुठेच नाही, याचं मला वाईट वाटलं. १२ फेब्रुवारी १९४६. सैन्यातून सुटून काही तास झालेले, अंगावर गणवेश, बसने घरी निघालेला कृष्णवर्णीय सार्जंट. साउथ कॅरोलिनातल्या एका गावात पोलीसप्रमुखाने त्याला मारून मारून कायमचं आंधळं केलं. गोऱ्या ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आसपास आरोपीला निर्दोष सोडलं. पण ती हकीकत ऐकून राष्ट्राध्यक्ष ट्रूमन हादरले. त्यांनी नागरी हक्कांची समिती नेमली आणि २६ जुलै १९४८ रोजी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. खटला चालवणारे न्यायाधीश वेटीज वेअरिंगही बदलले. शाळांतल्या वर्णविभाजनाविरुद्ध १९५१ साली त्यांनी भिन्नमतपत्र लिहिलं. तीच भूमिका १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने घेतली.

दुसरं प्रकरण वुडर्डच्या बसपासून सुरू कर. आणि हो, त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती त्यांनी मागितल्या होत्या. छोटंसंच पत्र आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे.