बारा दिवस बंद पडलेला नोड तसाच परत जोडू नका

प्रश्न असा आहे: कॅसँड्रा या डेटाबेसचा तीन नोडचा, म्हणजे एकत्र चालणाऱ्या तीन सर्व्हरचा क्लस्टर, रेप्लिकेशन फॅक्टर ३, म्हणजे प्रत्येक नोंदीची प्रत तिन्हीवर. एक सर्व्हर जुना झालाय. काम न थांबवता बदलता येईल का, आणि नव्याला रॅम किती घ्यावी?

बदलता येतो. जुना अजून चालतोय तर स्ट्रीमिंगच्या, म्हणजे इतर नोडकडून डेटा नव्याने ओढण्याच्या फंदात पडू नका. नव्या मशीनवर कॅसँड्राची तीच आवृत्ती टाका, रॅकचं नाव तेच ठेवा आणि जुना चालू असतानाच डेटा डिरेक्टरी आरसिंकने (फाइल कॉपी करणारं साधन) ओढून घ्या. मग जुन्यावर नोडटूल ड्रेन (मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवणारी आज्ञा), सर्व्हिस बंद, आणि डिलीट पर्याय लावून पुन्हा आरसिंक. या फेरीत फक्त फरक जातो, म्हणून वेळ थोडा लागतो. सिस्टीम कीस्पेस (कॅसँड्राची स्वतःची माहिती) सोबत गेला की होस्ट आयडी (नोडची ओळख) आणि टोकन (डेटातला त्याचा वाटा) तेच राहतात. आयपी बदलला तरी चालतं. जुन्याची नेटवर्क केबल मात्र उपसून ठेवा. एकाच आयडीचे दोन नोड एकाच वेळी उठता कामा नयेत.

सर्व्हर मेलेलाच असेल तर गोष्ट वेगळी, आणि इथेच सांगलीत आम्ही पोळलो. कुपवाड एमआयडीसीत हळदीच्या वखारींचा साठा सांभाळणारा असाच क्लस्टर होता. एका नोडचा मदरबोर्ड गेला, सुटा भाग पुण्याहून यायला बारा दिवस लागले. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, डिस्क शाबूत आहे, डेटा आहेच की, आणि मशीन तसंच चालू केलं. बंद नोडसाठी इतर नोड राखून ठेवतात ते बदल, म्हणजे हिंट, मुळात ३ तासांपुरत्याच साठतात. त्यात पुसल्याच्या खुणा, म्हणजे टूम्बस्टोन, जपायची मुदत (जीसी ग्रेस) १० दिवसांची, म्हणजे तोवर इतर दोन नोडवरचे बरेच टूम्बस्टोन कॉम्पॅक्शनमध्ये, म्हणजे डेटा फाइली एकत्र करताना, साफ झालेले. पुसलेल्या नोंदी या तिसऱ्या नोडवर मात्र जिवंत होत्या आणि रिपेअर (नोडवरच्या प्रती ताडून सारख्या करणं) चालवताच त्या तिन्हीकडे पसरल्या. उचलून नेलेली पोती पुन्हा शिल्लक दिसू लागली. रिपेअरनेच बिघडवलं, असं तो माणूस अखेरपर्यंत म्हणत राहिला. साफ चूक. रिपेअरने जे डिस्कवर होतं तेच पसरवलं; ती डिस्क आधी पुसायला हवी होती.

तेव्हा मेलेल्या नोडच्या जागी येणाऱ्या मशीनवर डेटा, कमिटलॉग (ताज्या बदलांची नोंदवही), हिंट या सगळ्या डिरेक्टरी रिकाम्या करा, रिप्लेस अ‍ॅड्रेस फर्स्ट बूट या पर्यायात मेलेल्या नोडचा आयपी द्या, आणि या नोडच्या सीड यादीत (सुरू होताना आधी ज्यांना विचारायचं त्या नोडची यादी) त्याचा स्वतःचा आयपी ठेवू नका. १ टीबी डेटा, दोन नोडकडून प्रत्येकी २०० मेगाबिटची मूळ मर्यादा, म्हणजे साडेपाच तास धरा. हे हिंटच्या ३ तासांच्या पुढे जातं, म्हणून नोडटूल स्टेटसमध्ये यूएन (नोड चालू आणि ठीक) दिसलं तरी रिपेअर चालवायचाच. तीनपेक्षा मोठ्या क्लस्टरमध्ये आधी रिमूव्हनोड करून (मेलेला नोड यादीतून काढून) मग नवा नोड जोडणं म्हणजे डेटा विनाकारण हलवणं.

रॅम ३२ जीबी पुरेल, डिस्क निम्मी मोकळी राहील इतकी घ्या. कोरमला, म्हणजे बहुमताने वाचा-लिहायला, दोन नोड लागतात, तेव्हा उरलेले दोन्ही धड असल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नका. आणि नव्या मशीनचं घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सोय) जोडूनच कॅसँड्रा सुरू करा. दोन बदलांत ज्याची वेळ नंतरची तो टिकतो. अ‍ॅपमधला ड्रायव्हर स्वतः टाइमस्टॅम्प (बदलाची वेळ) पाठवत नसेल आणि हे घड्याळ तासभर पुढे असेल, तर त्या तासात इतर नोडमार्फत केलेले बदल गुपचूप हरतात.