ट्रान्सजेंडर व्यक्तीला नागपुरात जन्मदाखल्यावरचं नाव बदलता येतं का?

येतं. पण थेट महापालिकेत जाऊ नका, आधी जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र हवं. त्यासाठी अर्ज राष्ट्रीय ट्रान्सजेंडर पोर्टलवर करायचा. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याचं कलम ७ सांगतं, की हे प्रमाणपत्र असलेल्याला जन्मदाखल्यावरचं पहिलं नाव बदलण्याचा हक्क आहे. याच कायद्याच्या २०२० च्या नियमांत कार्यालयाला हा बदल करून देण्यासाठी १५ दिवसांची मुदतही आहे. जन्म नागपूर शहरात नोंदला असेल तर पुढचा अर्ज महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. दुसरीकडे नोंदला असेल तर तिथल्याच निबंधकाकडे. खिडकीवरचा माणूस ‘असं होत नाही’ म्हणाला (म्हणतोच बहुधा!), तर वाद घालू नका. अर्ज लेखी द्या, कलमाचा उल्लेख करा, पोच घ्या. आणि हो, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार दुरुस्ती समासात होते, मूळ नोंद खोडली जात नाही.