त्याच बेटावर पुन्हा का जायचे?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. गेली अनेक वर्षे थंडी सरता सरता आम्ही दोघे अंदमानातील नील बेटावर जातो. नातेवाईक म्हणतात, तेवढ्या पैशांत दोन नवे देश पाहून झाले असते. आता आमचे यजमानही त्यांच्याच बाजूने बोलू लागले आहेत, कारण मागच्या खेपेला भरतपूर किनाऱ्याजवळचे प्रवाळ त्यांना फिकट वाटले आणि जेट्टीवरची गर्दीही वाढलेली दिसली. मला मात्र अजूनही तिथेच जावेसे वाटते. हा हट्ट सोडावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हट्ट सोडू नका, असेच मी सांगेन, मात्र यजमानांचे म्हणणेही उडवून लावू नका. प्रवाळ फिकट दिसणे हा मनाचा खेळ असेलच असे नाही. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याचा रंग व बरेचसे अन्न त्या शैवालाकडून येते. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तो त्याच क्षणी मरत नाही; पाणी वेळेत थंड झाले तर तो सावरतो, नाही तर उपासमारीने मरतो. अंदमानात २०१० साली असे मोठ्या प्रमाणावर घडले आणि २०१६ साली पुन्हा घडले. एकदाच जाणाऱ्या पर्यटकाला यातले काहीच कळत नाही, कारण त्याला जे दिसते तेच त्याच्या लेखी ते बेट असते. आपल्या यजमानांना फरक जाणवला, तो केवळ आपण पुन्हा पुन्हा गेल्यामुळे. नातेवाइकांना द्यायचे उत्तर मला तरी यातच दिसते.

बेट पूर्वीसारखे राहावे, ही अपेक्षा मात्र त्या जागेवर अन्याय करणारी आहे. नीलवरची वस्ती ही मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची आहे. त्यांनी जंगल हटवून भात आणि भाजीपाल्याची शेती उभी केली आणि आजही अंदमानच्या बाजारात नीलची भाजी ओळखली जाते. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपाने उत्तर अंदमानातील काही प्रवाळ पाण्याबाहेर उचलले गेले आणि दक्षिणेकडे पोर्ट ब्लेअरजवळची शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. २०१८च्या डिसेंबरात नीलचे शहीद द्वीप झाले, २०२४ साली पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले आणि चेन्नईहून समुद्राखालून आलेली इंटरनेटची केबल १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाल्यापासून द्वीपसमूहाचे बाहेरच्या जगाशी असलेले दळणवळणही बदलले. तिथल्या मुलांना चांगले इंटरनेट मिळावे की आपल्याला शांतता मिळावी, असा प्रश्न असेल तर पहिला हक्क त्या मुलांचा आहे.

आता एक सूचना. आपण बहुधा सुट्ट्या आणि विमानाचे भाडे पाहून तारखा ठरवत असाल; या वेळी तिथी पाहून ठरवा. ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायला जाणाऱ्या बोटी भरतीची वेळ पाहूनच सुटतात, हे ठाणे-नवी मुंबईकरांना ठाऊक आहेच. नीलवर ओहोटीची वेळ पाहावी लागते. आपल्याकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, तर अंदमानात तो साधारण दोन मीटर असतो. पण तिथला किनारा उथळ असल्यामुळे तेवढ्यानेही फार मोठा पट्टा उघडा पडतो. लक्ष्मणपूरच्या ज्या दगडी कमानीला पर्यटक ‘नॅचरल ब्रिज’ म्हणून पाहायला जातात, तिथे पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या सुमारास पूर्ण ओहोटीला पोहोचलात, तर खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात समुद्रकाकडी नावाचे लांबट, मऊ प्राणी आणि बोटभर मासे तासभर न हलता पाहता येतात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा गेलात, तर पाणी तितके ओसरत नाही. ओहोटी दररोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, हे लक्षात ठेवून रोजचा बेत आखा. शिवाय नील ठाण्याच्या पूर्वेला जवळजवळ २० रेखांश आहे आणि घड्याळ मात्र एकच, त्यामुळे सूर्य तिथे सुमारे ८० मिनिटे आधी उगवतो. सीतापूरचा सूर्योदय आणि सकाळची ओहोटी एकाच दिवशी साधायची, तर आदल्या रात्री लवकर झोपावे लागते.

संध्याकाळी झाडांखालच्या वाळूत शंख चालताना दिसतील, तेव्हा खाली बसून पाहा. आत खेकडा असतो. त्याच्या पोटाचा भाग मऊ असल्यामुळे तो रिकाम्या शंखात घर करतो आणि वाढला की मोठा शंख शोधत फिरतो. योग्य शंख मिळाला नाही, तर तोकड्या शंखातच अडकून राहतो. आपण पिशवीत भरलेला रिकामा शंख हे त्याचे पुढचे घर असते, म्हणून तो उचलू नये. प्रवाळाचा तर मेलेला तुकडाही आणू नये; वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

यजमानांना नवी जागा पाहायची असेल, तर एखादे वर्ष त्यांच्या पसंतीने जा. पण नीलची खेप त्यासाठी कायमची बंद करू नका.

प्रश्न : आम्हालाही हेच बेट फार आवडते. या वर्षी नेरुळच्या आमच्या सोसायटीतील चाळीसेक जणांना तिथे घेऊन जावे, असा विचार आहे. योग्य होईल का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : मला योग्य वाटत नाही. जानेवारी ते एप्रिल हा समुद्र शांत असण्याचा काळ, म्हणून गर्दी तेव्हाच होते. पण नेमके हेच महिने पावसाविना जातात आणि लहान बेटाच्या विहिरींवर त्याच वेळी सर्वाधिक ताण येतो. चाळीस माणसे एकाच वेळी उथळ पाण्यात उतरली, की कितीही सांगितले तरी कोणाचा ना कोणाचा पाय प्रवाळावर पडतोच. आठ-दहा जणांचे गट करा, निरनिराळ्या आठवड्यांत जा आणि प्रत्येक गटात पूर्वी जाऊन आलेले एक कुटुंब ठेवा. मे महिन्याच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानात पोहोचतो, तेव्हा शेवटचा गट त्यापूर्वी परतलेला असू द्या. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये मोकळा ठेवा; फेरी वेळेवर आली, तर त्या दिवसात सेल्युलर जेल नीट पाहून होईल.