एक नंबर मोठे

पत्र : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. सहा वर्षे भरतनाट्यम शिकल्यावर आता तिला बॅले डान्सर व्हायचे आहे. वर्षभरापासून मुंबईच्या एका शिक्षिकेचा ऑनलाइन वर्ग लावला आहे. तिच्या मावशीने लंडनहून पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचायचे बूट, पाठवले. वाढता पाय म्हणून एक नंबर मोठेच मागवले होते. बाईंना एकदम करूनच दाखवायचे, म्हणून त्यांना अजून सांगितलेले नाही. पण हल्ली सरावाची वेळ झाली की तिचे पोट दुखते. सासूबाई याला खूळ म्हणतात, मी एकटीच तिच्या पाठीशी आहे. अमेरिकेची नामवंत बॅले नर्तकी मिस्टी कोपलंडनेही तेराव्या वर्षीच सुरुवात केली होती. मुलीत तशी जिद्द कशी आणू?
— एक आई, दांडिया बाजार, बडोदा

ताई, सासूबाईंचे राहू द्या. मी अडकले ती ‘एक नंबर मोठेच’ या तीन शब्दांवर.

शाळेचे बूट आपण सगळ्यांनीच असे घेतले. पुढे कापूस कोंबायचा आणि दोन वर्षे ओढायची. पॉइंट शूज टिकण्यासाठी केलेलेच नसतात. त्यांचे कडक टोक म्हणजे कापड, कागद आणि सरस यांचे थर; घामाने आणि भाराने ते मऊ पडत जाते, आणि मोठ्या रंगमंचावरच्या प्रमुख नर्तकीचा एक जोड कधी कधी एकाच प्रयोगात संपतो. बोटे न दुमडता पाय त्यात घट्ट बसावा लागतो. ढिल्या जोडात पाय खाली घसरतो, सगळा भार अंगठ्याच्या टोकावर येतो आणि घोटा मुरगळायला निमित्त लागत नाही. तुमच्या मुलीचे पोट दुखत नसावे, ताई, पाय दुखत असावेत. पण आई एकटी आपल्या बाजूने उभी आहे आणि शूज थेट लंडनहून आले आहेत, हे माहीत असलेली मुलगी पायांचे नाव कसे घेणार?

तुम्ही हिशेबी आहात म्हणून मी रागावलेले नाही. राग आहे तो बाईंपासून लपवल्याचा. भरतनाट्यमच्या वर्गात गुरूंनी सांगण्याआधी तुम्ही तिच्या पायांत घुंगरू बांधले होते का? तिथे तुम्हाला जे न सांगता कळत होते, ते इथे का सुटले? पॉइंटवर कधी उभे राहायचे हे शिक्षिका ठरवते. घोट्यातले बळ, पाठीचा ताठपणा आणि खुब्यातून पाय बाहेर फिरतो की नुसता गुडघाच पिळला जातो, हे पाहून ठरवते. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसताना, गुरूंचा हात गुडघ्यावर यायचा, तो मोबाइलच्या पडद्यातून येत नाही. तंजावरच्या लक्ष्मीबाई १८८० साली सयाजीरावांशी लग्न होऊन बडोद्यास आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर नर्तकी आणि वादकही आले. आपल्या गावात भरतनाट्यम रुजले ते अशा माणसांमुळे. तुमच्याकडे आले ते नुसते पार्सल.

कोपलंड तीन महिन्यांत पॉइंटवर गेली, हे खरे आहे. पण तिची शिक्षिका समोर उभी होती, आणि पुढे तर ती त्या शिक्षिकेच्याच घरी राहून शिकली. तेवढे वगळून तुम्ही फक्त वय उचललेत.

आणि जिद्दीचे विचाराल, तर बॅलेत ती फार कंटाळवाणी दिसते. नावाजलेली नर्तकीसुद्धा रोज सकाळी साध्या बारला, म्हणजे आधाराच्या आडव्या दांड्याला, हात ठेवून, पहिल्या दिवशी शिकलेल्या प्लिएपासूनच, म्हणजे गुडघे वाकवण्यापासूनच, सुरुवात करते, आणि ते रोजचे करणे तिला अपमानाचे वाटत नाही. सहा वर्षे तट्टडवू, भरतनाट्यमची ती पहिली पावले, घोटलेल्या मुलीला हे तुम्ही शिकवायची गरज नाही. घाई तिला नाही, तुम्हाला आहे.

तेव्हा आज संध्याकाळीच ते शूज तिच्यादेखत माळ्यावर टाका आणि चूक तुझी नव्हती, माझी होती, हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगा. उद्या बाईंना फोन करा, सगळे कबूल करा आणि मुलीला प्रत्यक्ष पाहण्यासाठी त्यांची वेळ मागा. मुंबईचे तिकीट त्या शूजपेक्षा स्वस्तच पडेल. त्या हो म्हणेपर्यंत बॅलेच्या मऊ सपाट चपलाच, पायाच्या मापाच्या. मावशींनाही लगेच कळवून टाका, नाहीतर दिवाळीला आणखी एक जोड येईल, तोही दोन नंबर मोठा.