जातींत जखडलेला, एकाकी ग्रह आणि बाहेरून येणारा धोका, अशी चांगली विज्ञानकथा कोणती?

उर्सुला ले ग्विन यांचं 'फोर वेज टू फर्गिव्हनेस' (1995) वाचा. चार दीर्घकथा आहेत, वेरेल आणि यिओवे या शेजारच्या ग्रहांवरच्या.

वेरेलवर मालक काळ्या वर्णाचे, गुलाम फिकट. लढणाऱ्यांची जात वेगळी, करमणूक करणाऱ्यांची वेगळी. मग दुसऱ्या ग्रहांवरची माणसं संपर्क साधतात. ती लढायला आलेली नसतात, पण वेरेलचे सत्ताधारी घाबरतात, शस्त्रं आणि अंतराळयानं बांधत सुटतात. त्याच जोरावर यिओवेवर वसाहत होते, खाणी आणि मळे उभे राहतात आणि तिथे राबायला सुरुवातीला फक्त पुरुष गुलाम धाडले जातात. म्हणजे परक्यांच्या भीतीची किंमत मोजली ती गुलामांनी! मला हे फार अस्सल वाटतं.

पुढे यिओवेचे गुलाम दीर्घ युद्ध करून स्वतंत्र होतात. पण तिथल्या बायकांना स्वातंत्र्य मिळत नाही, त्यांना स्वतःच्याच पुरुषांशी नव्याने झगडावं लागतं. आपल्याकडे ज्यांनी दलित स्त्रियांची आत्मकथनं वाचली आहेत, त्यांना 'अ वुमन्स लिबरेशन' ही कथा परकी वाटणार नाही.

सुरुवात मात्र 'फर्गिव्हनेस डे'पासून करा. बाहेरून आलेली तरुण राजदूत सॉली आणि तिचा अंगरक्षक तेयेओ यांना एकत्र कोंडून ठेवलेलं असतं. तो लढवय्या जातीतला, शिस्तीचा आणि अबोल. तिचं मोकळं वागणं त्याला आधीपासूनच खटकत असतं. त्या खोलीतले संवाद सावकाश वाचा.