पहिलं विमान: सुखोई नको, वर पंख असलेला संथ ट्रेनर घ्या

गुहागरला घरासमोरच किनारा आहे, तर भाचीबरोबर उडवायला सुखोई लढाऊ विमानासारखं दिसणारं, रिमोटसकट मिळणारं छोटं विमान घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: नको. आखूड पंखांचं विमान वेगातच तरंगतं, वेग उतरला की कोसळतं. नवशिक्याला तर विचार करायलाच वेळ हवा असतो, म्हणून ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचं संथ विमान घ्या.

पैसे ट्रान्समीटरवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर घाला. सेटमधला रिमोट बहुतेक वेळा त्या एकाच विमानापुरता असतो. फ्लायस्काय एफएस-आय६ सारखा सहा चॅनलचा (म्हणजे विमानाचे सहा भाग वेगवेगळे चालवता येणारा) घेतलात तर पुढच्या विमानांनाही चालतो, फक्त विमानात बसणारा रिसीव्हर नवा लागतो. बजेट वाढवता आलं तर रेडिओमास्टर पॉकेट बघा. तो यूएसबीने थेट कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर सराव करता येतो. रिमोट मोड २ चा घ्या, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग) डाव्या हाताला. सिम्युलेटर अजिबात टाळू नका. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि पहिली विमानं तिथेच मोडतात. अशा वेळी जो पंख खाली झुकलाय त्या बाजूला स्टिक द्यायची, पंख सावरतो. हे भाचीच्या बोटांत घरीच बसू दे.

विमान ईपीओ फोमचं (हा लवचीक फोम सहज तुटत नाही), मीटर-सव्वा मीटर पंखांचं, पंख वर आणि टोकांकडे किंचित उचललेले. मोटर पंखामागे असेल तर फारच छान, नाकावर आपटलं तरी प्रॉपेलर वाचतो.

आता जागा. किनाऱ्याचा मोह मला कळतो, पण पहाटे मतलई वारा विमान समुद्राकडे ढकलतो आणि दुपारी खारा वारा सुरूच्या बनात नेऊन घालतो. खाऱ्या पाण्यात पडलं तर मोटर, रिसीव्हर गेलेच समजा. त्यापेक्षा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर जा. कातळ फोम सोलतो, म्हणून पावसाळ्यानंतर गवत उभं असलेला तुकडा उतरायला निवडा. सकाळी, माडाच्या झावळ्या हलत नसताना. ड्रोन रूल्स २०२१ छंदाच्या विमानांनाही लागू आहेत, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या भागात आहे ना, हे आधी बघा.

उडवण्याआधी विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर, डावं खाली जायला हवं. उलट होत असेल तर ट्रान्समीटरमध्ये तो चॅनल रिव्हर्स करा. मग तोल बघायला बॅटरी आत ठेवून पंखांखाली दोन बोटं टेकवा, पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक-तृतीयांशावर. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. शेपूट जड असताना विमान हातातून सोडू नका.

जूनमध्ये विमान माळ्यावर जाईल तेव्हा लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. चार महिने पूर्ण भरून ठेवली तर ती फुगते.