चिल्कातली बदकं कुठे गेली?

प्रश्न : डिसेंबरमध्ये पुरीला गेलो तेव्हा सातपाड्याहून बोट करून चिल्का सरोवर पाहिलं, डॉल्फिन दिसले पण बदकं अगदीच मोजकी. बोटवाला म्हणाला, पाणी उतरलं नाही अजून. आणि महिन्याभरात पेपरात बातमी की लाखो पक्षी आले! ही मोजणी खरी मानायची का? – एक वाचक, सातारा

उत्तर : बोटवाल्याचं ऐका, त्याला बरोबर कळलंय. तलवार बदक, गडवाल ही मंडळी बुडी मारत नाहीत, शेपूट वर करून मान जेवढी पोचेल तेवढ्यातच चरतात, म्हणजे पाणी जेमतेम हात-दीड हात हवं. पावसाळ्यात सरोवरातलं नलबन बेट (नळ म्हणजे बोरू, त्याचं बन, नाव आपल्यालाही कळतं) पाण्याखालीच असतं, थंडीत वर येतं आणि मग तिथे झुंबड. पाऊस लांबला किंवा उशिरा वादळ आलं की पाणी ओसरत नाही आणि बदकं काठच्या दलदलीत, भातखाचरांत पांगतात. आणि खरं सांगू, सातपाडा म्हणजे सरोवर समुद्राला मिळतं त्या मुखाकडची बाजू, तिथे डॉल्फिनच बघायचे. बदकांसाठी उत्तरेला मंगलाजोडीला जायचं, जिथले पूर्वीचे शिकारीच आज होडीतून पक्षी दाखवतात.

मोजणी साधारण जानेवारीच्या सुरुवातीला, एकाच दिवशी पहाटेपासून सगळीकडे एकदम, कारण आज इथला थवा उद्या तिथे मोजला गेला तर झालाच घोळ. एकेक पक्षी कोण मोजणार, 50-100 चा एक गठ्ठा नजरेत बसवायचा आणि तसे किती गठ्ठे ते बघायचं, म्हणजे अंदाजच, पण सवयीच्या डोळ्यांचा. 2021 ला 12 लाखांच्या वर गेले, 2022 ला पावणेअकरा लाखांच्या आसपास. लगेच 'पक्षी घटले' म्हणून हेडलाइन! अहो, तो त्या दिवशी त्या सरोवरात असलेल्या पक्ष्यांचा आकडा आहे, सायबेरिया-मंगोलियाकडून निघालेल्या सगळ्यांचा नाही, बाकीचे दुसऱ्या तळ्यावर उतरले असतील. एका वर्षावरून काही ठरवू नका, दहा-पंधरा वर्षांचा कल बघा.

काळजी करायचीच तर मुखाची करा. गाळाने ते बुजत गेलं, पाणी गोडं झालं, पाणवनस्पती माजल्या आणि 1993 मध्ये चिल्का रामसरच्या, म्हणजे पाणथळी जपण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत गेलं. 2000 मध्ये नवं मुख खणलं तेव्हा खारेपणा परत आला, 2002 ला यादीतून नावही निघालं. पण वाळू सरकतच असते तिथे.

पुढच्या वेळी जानेवारीत जा, दुर्बीण विसरू नका.